प्रत्यारोपित रुग्ण गावी परतल्यावर : परभणी जिल्ह्यातील आरोग्यसेवकांनी काय शिकावे आणि कोठे

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथे वैद्यकव्यवसाय करणारे डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयांतील परिचारिका, औषधांची दुकाने सांभाळणारे फार्मासिस्ट आणि डायलिसिस केंद्रांतील तंत्रज्ञ यांच्या मनात एक संभ्रम वारंवार आढळतो. मूत्रपिंड किंवा यकृत बसविण्याची शस्त्रक्रिया आपल्या हातून होत नाही, त्यासाठी रुग्ण छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई अथवा हैदराबाद गाठतो. मग प्रत्यारोपणाचे शिक्षण आपण घ्यावे ते कशासाठी, आणि घेण्याचे ठरविलेच तर कोणाकडून, किती, व कौन्सिलच्या दप्तरी त्याची रीतसर नोंद व्हावी म्हणून कोणती तजवीज करावी, असा तो संभ्रम आहे.

त्यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. शस्त्रक्रिया काही तासांची असते, रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांचा किंवा फार तर काही आठवड्यांचा. त्यानंतरची सारी वर्षे रुग्ण आपल्या गावीच काढतो. ताप आला, दाढ ठणकू लागली, गुडघा धरला, जुलाब झाले की तो सर्जनकडे धाव घेत नाही; तो चौकातल्या दवाखान्यात किंवा थेट मेडिकलच्या दुकानात जातो. पुष्कळदा आईने किंवा पत्नीने आपल्या देहातून काढून दिलेले ते मूत्रपिंड टिकते की निकामी होते, याचा निर्णय अशा वेळी घाईने लिहिलेल्या एका चिठ्ठीवर अवलंबून राहतो. म्हणून ज्या जिल्ह्यात प्रत्यारोपण होत नाही, त्या जिल्ह्यातील आरोग्यसेवकांनाच या शिक्षणाची निकड अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी आपली जागा ठरवा

प्रत्यारोपणशास्त्र अफाट आहे आणि त्यातील बहुतेक भाग आपणांस कधीच लागणार नाही. आपल्यासमोर येणारा रुग्ण कोणत्या अवस्थेतला असतो, एवढे पाहून अभ्यासक्रम निवडावा.

- सामान्य व्यवसायी डॉक्टर (आपल्या जिल्ह्यात यांत बी.ए.एम.एस. व बी.एच.एम.एस. पदवीधर मोठ्या संख्येने आहेत) : औषधांच्या परस्परक्रिया, तापाचे मूल्यमापन, आणि रुग्ण प्रत्यारोपण केंद्राकडे केव्हा पाठवावा हा विवेक.
- परिचारिका, एएनएम व आशा : धोक्याची लक्षणे, औषधांच्या वेळा, लसीकरण, गर्भधारणेविषयी सल्ला.
- फार्मासिस्ट : ब्रँडची अदलाबदल, वेदनाशामकांची विनाचिठ्ठी विक्री, साठा संपण्याची पूर्वसूचना.
- प्रयोगशाळा तंत्रज्ञ : रक्तातील औषधाची पातळी मोजण्यासाठी नमुना घेण्याची नेमकी वेळ.
- डायलिसिस केंद्रातील कर्मचारी व समाजसेवा अधीक्षक : प्रत्यारोपणापूर्वीचे समुपदेशन, प्रतीक्षायादीची माहिती आणि अर्थसाहाय्य. मृत दात्याचा अवयव मिळण्यासाठी नाव नोंदविण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादा, अधिवासाची अट आणि नोंदणीशुल्क ही तिन्ही काढून टाकण्याचे धोरण केंद्र शासनाने २०२३ मध्ये जाहीर केले. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या औषधांसाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. या दोन गोष्टी माहीत नसल्यामुळे आशा सोडून बसलेली कुटुंबे डायलिसिसच्या खाटेशेजारीच भेटतात; त्यांना त्या सांगणे हे आपले काम आहे.

सर्वांचा पहिला धडा : काय देऊ नये

१९५४ साली बोस्टन येथे यशस्वी झालेले पहिले मूत्रपिंडप्रत्यारोपण एकरूप जुळ्या भावांमध्ये झाले होते. त्यामुळे शरीराने परका अवयव नाकारण्याचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. आज आपल्यासमोर येणाऱ्या रुग्णाचे तसे नाही. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट किंवा ॲझाथायोप्रिन, आणि प्रेडनिसोलोन अशी औषधे त्याला आजन्म घ्यावी लागतात, आणि त्यांतील पहिल्या दोहोंची रक्तातील सुरक्षित मर्यादा फार अरुंद आहे : पातळी घसरली तर शरीर अवयव नाकारते आणि चढली तर तेच औषध मूत्रपिंडास विषवत् होते. यकृतात व आतड्यात ज्या विकरामुळे या औषधांचे विघटन होते, त्यावर आपण नित्य लिहीत असलेली कितीतरी औषधे परिणाम करतात. निरंतर शिक्षणाचा कोणताही कार्यक्रम निवडताना त्यात पुढील बाबी शिकविल्या जाणार आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे. आणि कार्यक्रम मिळेपर्यंत ही यादी टेबलाच्या काचेखाली ठेवावी.

- वेदनाशामके. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही गोळीच्या रूपाने नकोत, इंजेक्शनच्या रूपानेही नकोत. योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालते.
- प्रतिजैविके. एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने चढवितात. ॲझिथ्रोमायसिनचा तसा परिणाम पुष्कळच सौम्य असतो. जेंटामायसिन व ॲमिकासिन पातळीला धक्का न लावताही मूत्रपिंडाला इजा करतात.
- बुरशीवरील औषधे. गजकर्णासाठी सर्रास दिले जाणारे इट्राकोनॅझोल, तसेच फ्लुकोनॅझोल व केटोकोनॅझोल, पातळी वाढवितात. मलम पुरेसे असेल तेथे पोटात घ्यावयाचे औषध टाळावे.
- रक्तदाबाची औषधे. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांचाही परिणाम पातळी वाढविण्याकडेच असतो.
- पातळी घसरविणारी औषधे. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, फेनोबार्बिटोन.
- गाउटची औषधे. रुग्ण ॲझाथायोप्रिन घेत असेल आणि आपण ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट लिहिले, तर अस्थिमज्जेचे कार्य धोकादायक रीतीने दबते.
- प्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून दिली जाणारी औषधे. गुळवेल, अश्वगंधा आणि तत्सम काढे. या रुग्णाच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती हेतुपुरस्सर दाबून ठेवलेली असते. ती उत्तेजित करण्याचा उद्देश कितीही चांगला असला तरी तो येथे उपचाराच्या विरुद्ध जातो. आयुर्वेदाच्या पदवीधरांनी हा मुद्दा आपल्या शास्त्राचा अधिक्षेप समजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.
- फळे. पपनस व ग्रेपफ्रूट वर्ज्य.

यांतील रिफॅम्पिसिनचा उल्लेख एका ओळीत आटोपता येण्यासारखा नाही, कारण आपल्याकडे क्षयरोग आजही घरोघर आढळतो आणि दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णास तो होण्याची शक्यता अधिक असते. राष्ट्रीय कार्यक्रमातील नेहमीच्या संयुक्त गोळ्यांत रिफॅम्पिसिन असतेच. ती सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत टॅक्रोलिमसची पातळी इतकी खाली येते की त्याची मात्रा कित्येक पटींनी वाढवावी लागते. काही केंद्रे रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरतात, काही त्याशिवायची योजना करतात. क्षयरोगाचे निदान झाल्याबरोबर रुग्णाची नोंद करावी, परंतु औषधांची पहिली पुडी हाती देण्यापूर्वी प्रत्यारोपण केंद्रातील नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून घ्यावे, आणि क्षयरोगाचा औषधक्रम संपल्यावर टॅक्रोलिमसची वाढविलेली मात्रा पुन्हा उतरविण्याची आठवण ठेवावी. या शेवटच्या टप्प्यावर विस्मरण होण्याचा धोका सर्वांत मोठा असतो.

प्रेडनिसोलोन अकस्मात बंद करू नये. उलट्यांमुळे गोळ्या पोटात ठरत नसतील तर शिरेवाटे स्टेरॉइड देण्याची गरज भासते, आणि एवढे एक कारणही रुग्णाला तातडीने दाखल करण्यास पुरेसे आहे.

रक्ताचा नमुना

टॅक्रोलिमसची तपासणी बहुधा बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत होते, परंतु नमुना आपल्याकडेच घेतला जातो आणि चूकही येथेच होते. "सकाळी उपाशीपोटी या" एवढाच निरोप रुग्णास दिला तर तो पाण्याबरोबर सकाळची गोळी घेऊन येतो, आणि मग अहवालातील आकडा निरर्थक ठरतो. रात्रीच्या गोळीनंतर सुमारे १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्यापूर्वी, ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यावे. गोळी रुग्णाने खिशात आणावी व रक्त दिल्यावर घ्यावी. दिवसातून एकदाच घ्यावयाचे दीर्घप्रभावी टॅक्रोलिमस असेल तर हे अंतर २४ तासांचे धरावे. शेवटची गोळी किती वाजता घेतली हे तपासणीच्या अर्जावर लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

ज्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला केलेला आहे त्या हातावर सुई टोचू नये आणि रक्तदाबाचा पट्टाही बांधू नये, मग नवे मूत्रपिंड कितीही उत्तम चालत असो.

ताप, जुलाब आणि आपला उन्हाळा

या रुग्णांत १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सियस ताप ही तातडीची बाब मानावी. स्टेरॉइडमुळे ताप झाकला जातो. म्हणून ताप नसला तरी गळून गेलेला, श्वास लागलेला किंवा लघवी कमी झालेला रुग्ण "उद्या पाहू" म्हणून परत पाठवू नये. नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या उजव्या किंवा डाव्या बाजूस बसविलेले असते आणि जुनी मूत्रपिंडे सामान्यतः जागीच असतात. त्यामुळे उजव्या ओटीपोटातील दुखणे म्हणजे ॲपेंडिक्स, हा नेहमीचा तर्क येथे सावधपणे करावा.

जुलाबांत शरीरातील पाणी कमी होते आणि त्याच वेळी टॅक्रोलिमसची पातळी वाढते, असा दुहेरी आघात होतो. मायकोफेनोलेटनेही जुलाब होतात, परंतु म्हणून ते आपल्या अखत्यारीत बंद करू नये. एप्रिल-मे महिन्यांत शेतात राबणाऱ्या रुग्णाला पाणी किती प्यावे याचा आकडा त्याच्या केंद्राकडून लिहून आणावयास सांगावा, कारण डायलिसिसच्या काळात पाणी मोजून पिण्याची लागलेली सवय प्रत्यारोपणानंतरही पुष्कळांची सुटत नाही.

लसी आणि गर्भधारणा

जिवंत जंतूंच्या लसी, उदाहरणार्थ गोवर-रुबेला व कांजिण्यांची लस, प्रत्यारोपित रुग्णास देऊ नयेत. इन्फ्लुएंझाची निष्क्रिय लस, न्यूमोकोकसची व हिपॅटायटिस-बीची लस देता येते. तोंडावाटे दिलेल्या पोलिओ लसीचा विषाणू बालकाच्या विष्ठेतून बाहेर पडतो. म्हणून घरात असा रुग्ण असल्यास आशाताईंनी डोस पाजण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे. मायकोफेनोलेट गर्भास अपाय करते, ते गर्भधारणेच्या किमान ६ आठवडे आधी केंद्राच्या सल्ल्याने बदलावे लागते. तरुण विवाहितेचे प्रत्यारोपण झाले असेल तर हा विषय एएनएमने आपण होऊन काढावा. सासरच्या मंडळींसमोर ती स्वतः तो काढील अशी अपेक्षा ठेवू नये.

नोंदणीचे नूतनीकरण आणि श्रेयांक

शिकणे आणि श्रेयांक मिळविणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. एक साधले म्हणजे दुसरे आपोआप साधत नाही.

- डॉक्टर. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी ३० श्रेयांक लागतात. कार्यक्रमास कौन्सिलची पूर्वमान्यता असली तरच ते मिळतात.
- परिचारिका. भारतीय परिचर्या परिषदेच्या दंडकानुसार ५ वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षित आहे.
- फार्मासिस्ट. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनुसार ५ वर्षांत किमान एकेक दिवसाचे दोन उजळणीवर्ग.
- आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर. आपली परिषद वेगळी आहे. मेडिकल कौन्सिलचे श्रेयांक तेथे चालतील असे गृहीत धरू नये.
- तंत्रज्ञ. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय आयोगाच्या केंद्रीय कायद्याने आपल्या व्यवसायांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले आहे. प्रशिक्षणाचे दाखले आतापासूनच जपून ठेवावेत.

कार्यक्रमाला जाण्यापूर्वी मान्यतेचा क्रमांक मागावा. हजेरीपत्रकावर आपला नोंदणी क्रमांक बिनचूक लिहावा. आणि काही आठवड्यांनी आपल्या ऑनलाइन खात्यात श्रेयांक जमा झाले की नाही हे पाहावे. पाच वर्षांची मुदत संपण्याच्या महिन्यात धावाधाव केल्यास पदरी श्रेयांक पडतील, पण विद्या पडणार नाही.

शिक्षण कोठे मिळते

माझी पहिली शिफारस परिषदेची नाही, संमेलनाची नाही, आणि ऑनलाइन व्याख्यानमालेचीही नाही. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्यारोपित रुग्णांची यादी करा, त्यांतील बहुतेकांची शस्त्रक्रिया ज्या केंद्रात झाली तेथील नेफ्रॉलॉजिस्टना पत्र लिहा, आणि शस्त्रक्रियोत्तर तपासणीच्या बाह्यरुग्ण विभागात काही दिवस केवळ निरीक्षक म्हणून बसण्याची परवानगी मागा. शस्त्रक्रियागृह पाहण्याचा मोह आवरावा. औषधाची मात्रा कशी बदलतात, क्रिएटिनिन थोडे वाढल्यावर काय विचारतात, रुग्ण काय लपवितो, हे त्या खोलीत बसून जेवढे उमजते तेवढे कोणत्याही व्याख्यानाने उमजत नाही. या भेटीचे श्रेयांक मिळणार नाहीत. तरीही ती करावी.

त्यानंतर पुढील मार्ग :

- छत्रपती संभाजीनगरची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती. अशा समित्या मुंबई, पुणे व नागपूर येथेही आहेत. मराठवाड्यासाठी हे दार सर्वांत जवळचे.
- मुंबईच्या केईएम रुग्णालयातील प्रादेशिक व राज्य अवयव प्रत्यारोपण संघटना, म्हणजे रोटो-सोटो, आणि दिल्लीची राष्ट्रीय संघटना नोटो. समन्वयक होऊ इच्छिणाऱ्या परिचारिका व समाजसेवकांनी यांच्या प्रशिक्षणवर्गांची चौकशी करावी.
- चेन्नई येथे १९९७ साली डॉ. सुनील श्रॉफ यांनी स्थापन केलेली मोहन फाउंडेशन. प्रत्यारोपण समन्वयकांचे तिचे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीनेही करता येतात.
- इंडियन सोसायटी ऑफ ऑर्गन ट्रान्सप्लांटेशन आणि इंडियन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांची अधिवेशने; ही मुख्यतः तज्ज्ञांसाठी.
- मूत्रपिंडप्रत्यारोपित रुग्णाच्या देखभालीविषयी केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका. ती विनामूल्य उपलब्ध आहे; फिजिशियनांनी ती संग्रही ठेवावी.

फसगत कोठे होते

केवळ पैसे भरल्यावर, हजर न राहताही दाखला देणारे वर्ग ओळखणे कठीण नसते; मान्यतेचा क्रमांक विचारताच उत्तर अस्पष्ट होऊ लागते. परदेशी ऑनलाइन अभ्यासक्रम ज्ञानाला चांगले, परंतु आपले कौन्सिल त्यांचे श्रेयांक धरते की नाही हे आधी लेखी विचारावे. औषधकंपनीच्या खर्चाने होणाऱ्या वर्गांबाबत केंद्र शासनाने २०२४ मध्ये औषधविपणनाची एकसमान संहिता काढली आहे. तीत भेटवस्तूंना मनाई असून शैक्षणिक कार्यक्रमांचा खर्च पारदर्शक असण्याची अपेक्षा आहे. अशा वर्गात एखाद्याच ब्रँडच्या टॅक्रोलिमसची महती गाइली जात असेल, तर फार्मासिस्ट व डॉक्टर दोघांनीही एवढे ध्यानी ठेवावे की ब्रँड बदलणे निषिद्ध नाही, पण तो केंद्राला कळवून आणि नंतर पातळी तपासूनच बदलावा. दिवसातून दोनदा घ्यावयाचे आणि एकदाच घ्यावयाचे टॅक्रोलिमस मात्र एकमेकांच्या जागी कधीही देऊ नये.

रजा आणि मंजुरी

शासकीय सेवेतील कर्मचाऱ्यांनी तोंडी परवानगीवर जाऊ नये. कार्यक्रमपत्रिका व मान्यतापत्राची नक्कल जोडून वरिष्ठांमार्फत अर्ज करावा आणि प्रशिक्षणासाठी पाठविल्याचा लेखी आदेश मागावा. असा आदेश असल्यास तो काळ कर्तव्यकाल म्हणून धरला जातो व आपली अर्जित रजा खर्ची पडत नाही. दीर्घ अभ्यासक्रमासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत अध्ययन रजेची स्वतंत्र तरतूद आहे. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांनी नेमणुकीच्या वेळीच प्रशिक्षणाच्या दिवसांचा उल्लेख नेमणूकपत्रात करवून घ्यावा, कारण नूतनीकरणासाठी लागणारे तास हे त्यांच्या व्यवसायाचे अंग आहे आणि ते सुट्टीच्या दिवसांतूनच भरून काढावेत असे म्हणणे न्याय्य नाही.

कायद्याचा जितका भाग लागतो तितका

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. महाराष्ट्रात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून अंमलात आला, २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांनी त्यातील मेंदूमृत्यूची तरतूद नीट शिकून घ्यावी : निर्णय चार डॉक्टरांच्या मंडळाचा असतो आणि किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. नातलगांना अवयवदानाच्या पर्यायाची जाणीव करून देणे हेही त्या विभागाचे कायदेशीर काम ठरते. अवयवांच्या खरेदीविक्रीस ५ ते १० वर्षे कारावास आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे. "दाता मिळवून देतो" असे म्हणणारा इसम डायलिसिस केंद्राभोवती घुटमळताना दिसला तर त्याच्याशी बोलणी न करता, झालेला प्रकार वरिष्ठांना लेखी कळवावा.

जिल्ह्यातच वर्ग भरवावयाचा असल्यास

परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे, डॉक्टरांच्या व औषधविक्रेत्यांच्या संघटना आहेत. यांपैकी एकीने पुढाकार घेऊन अर्ध्या दिवसाचा वर्ग ठरवावा आणि त्यात डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, तंत्रज्ञ यांना एकाच सभागृहात बसवावे. चिठ्ठी लिहिणारा आणि ती वाचून औषध देणारा यांनी एकच यादी एकत्र ऐकली तर चूक पकडणारे डोळे दुप्पट होतात. तारीख ठरताच प्रत्येक परिषदेकडे मान्यतेसाठी स्वतंत्र अर्ज करावा, कारण कार्यक्रम झाल्यावर मागितलेली मान्यता मिळत नाही, आणि मेडिकल कौन्सिलचा निरीक्षक येणार असल्यास त्याची सोय पाहावी. वक्ता म्हणून बोलाविलेल्या नेफ्रॉलॉजिस्टना व्याख्यानाऐवजी आपल्याच जिल्ह्यातील तीन-चार रुग्णांच्या कागदपत्रांवर चर्चा करण्याची विनंती करावी. मात्र त्या रुग्णांची लेखी संमती घ्यावी आणि नाव, गाव, छायाचित्र काढून टाकावे. वर्ग संपताना प्रत्येकाच्या हाती दोन कागद पडावेत : एक वर्ज्य औषधांची यादी, आणि दुसरा प्रत्यारोपण केंद्रांच्या समन्वयकांचे रात्रीही लागणारे दूरध्वनी क्रमांक. हा दुसरा कागद दर ६ महिन्यांनी तपासून नवा करण्याची जबाबदारी वर्गातच एका व्यक्तीवर नाव घेऊन सोपवावी.